उपटण्यापूर्वी ओळख : परसबागेतील न पेरलेल्या वनस्पती

आषाढी पौर्णिमेला वर्षावासास प्रारंभ होतो आणि त्याच सुमारास वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागील परसबागेत आपण न पेरलेले पुष्कळ काही उगवू लागते. वांगी, मिरची, भेंडी, मेथी यांचे वाफे आपण आखलेले असतात. परंतु दोन-तीन पाऊस झाले की सऱ्या, बांध, पायवाट आणि सांडपाण्याच्या चारीची कड यांवर अनोळखी हिरवळ दाटते. विनयपिटकात वर्षावासाच्या नियमाचे जे कारण सांगितले आहे, ते या संदर्भात स्मरणीय आहे. भिक्खू भर पावसाळ्यात चारिका करतात, कोवळे गवत आणि त्यातील लहान जीव तुडवतात, अशी लोकांची तक्रार होती. तेव्हा पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नियम भगवान बुद्धांनी घालून दिला. पायाखालच्या गवताचाही विचार ज्या ऋतूत झाला, नेमक्या त्याच ऋतूत आपण खुरपे हाती घेतो. म्हणून खुरपण्यापूर्वी काय पाहावे, याविषयी आम्ही जे शिकलो ते येथे मांडत आहोत.

आम्ही ते पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी एका रविवारी सातवी-आठवीच्या मुलांकडून आम्ही परसबागेची खुरपणी करून घेतली. दोन तासांत वाफे स्वच्छ झाले आणि फाटकाजवळ तणाचा ढीग लागला. तो पालकांच्या भेटीचा दिवस होता. एका विद्यार्थ्याची आजी ढिगाजवळ थांबली, खाली बसली आणि एकेक रोप निवडून पदरात घेऊ लागली. "पोरांनो, हे टाकून देता व्हय?" तिने विचारले. नातू दूर उभा होता. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "आजी, ऊठ ना. सगळे बघतात." आजी रागावली नाही. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचो. पीक मालकाचं, तण आमचं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून आल्यावर जे हिरवं सापडेल ते शिजवलं. ह्याच्यावरच तुझा बाप वाढला."

मग तिने ढिगातून तीन-चार कोवळी रोपे उचलून आमच्यापुढे धरली. ती वांग्याची होती. मुलांनी तण समजून उपटली होती. वाफ्यात जी दोन टवटवीत रोपे शिल्लक होती, त्यांकडे बोट दाखवून ती म्हणाली, "आणि तो धोतरा ठेवलाय." आठवडाभर पाणी घालून आम्ही धोतरा जपला होता. तेथे उभ्या असलेल्या आम्हा शिक्षकांपैकी एकालाही ते कळले नव्हते. नातवाला जिची लाज वाटत होती, ती विद्या त्या घडीला आमच्यापैकी कोणापाशीही नव्हती. त्या दिवसापासून परसबागेत एक नियम झाला : उपटण्यापूर्वी ओळख.

तण कोणाला म्हणावे?

'तण' हा शब्द 'तृण' या शब्दापासून आला आहे. मुळात त्याचा अर्थ केवळ गवत. पुढे 'नको असलेली वनस्पती' हा अर्थ त्याला चिकटला. वनस्पतिशास्त्रात तण नावाचे कोणतेही कुल नाही. जागा आणि हेतू यांवरून माणूस एखाद्या वनस्पतीला तण ठरवतो. याचे उत्तम उदाहरण कुरडू होय. शेतात उगवणारा रुपेरी-गुलाबी तुऱ्यांचा कुरडू आणि बागेत हौसेने लावला जाणारा लालभडक कोंबडा ही एकाच जातीची, 'सेलोसिया अर्जेंटिया'ची, दोन रूपे आहेत. एकाचे बी आपण विकत आणतो, दुसऱ्याला बांधावर फेकतो.

महावग्गात जीवक कोमारभच्च यांची कथा आहे. तक्षशिलेत सात वर्षे वैद्यक शिकल्यावर आचार्यांनी त्यांना कुदळ दिली आणि सांगितले की, नगराभोवती एक योजन फिरून औषधी नसलेली जी वनस्पती दिसेल ती घेऊन ये. जीवक फिरून रिकाम्या हाताने परतले. औषधी नाही अशी एकही वनस्पती त्यांना आढळली नाही. आचार्यांनी त्यांची विद्या पूर्ण झाल्याचे मानले. दुसरीकडे, धम्मपदाच्या तण्हावग्गातील अखेरच्या चार गाथांमध्ये तणाने बिघडणाऱ्या शेताची उपमा राग, द्वेष, मोह आणि इच्छा यांनी बिघडणाऱ्या माणसासाठी योजली आहे. वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. तशा त्या नाहीत. प्रत्येक वनस्पतीला काही गुण आहे हे खरे, आणि मेथीच्या वाफ्यात लव्हाळा माजला तर मेथी येत नाही हेही खरे. कोणती ठेवावी, कोणती हलवावी, कोणती काढावी, हा निर्णय घ्यावाच लागतो. तो न ओळखता घेतला तर मात्र वांगे जाते आणि धोतरा राहतो.

न पेरलेले येते कोठून?

मुले नेहमी विचारतात, "आम्ही पेरले नाही, मग हे आले कसे?" मातीतच आधीच्या अनेक वर्षांच्या बिया सुप्त पडलेल्या असतात. आपण खोल खणतो तेव्हा त्या वर येतात, त्यांना उजेड आणि ओल मिळते आणि त्या रुजतात. म्हणून पुष्कळदा खणल्यानंतरच तण वाढलेले दिसते. नीट न कुजलेल्या शेणखतातून जनावरांनी खाल्लेल्या गवताच्या बिया येतात. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यातून टोमॅटो, भोपळा, मिरची, पपई उगवतात. एकदांडी आणि पाथरी यांच्या बियांना केसांचे झुबके असतात, त्यामुळे त्या वाऱ्यावर तरंगत येतात. आघाड्याची टोकदार फळे मुलांच्या पायजम्यांना आणि कुत्र्यांच्या केसांना चिकटून येतात. कडुनिंब, वड, पिंपळ, उंबर यांची फळे पक्षी खातात आणि बिया त्यांच्या विष्ठेतून जेथे पडतील तेथे, अगदी भिंतीच्या भेगेतही, रुजतात. रोप कोणत्या वाटेने आले याचा अंदाज बांधता आला की ओळख निम्मी झाली, असा आमचा अनुभव आहे. कचऱ्याच्या खड्ड्याजवळचे रोप बहुधा भाजीचे असते, तर तारेच्या कुंपणाखाली ओळीने उगवलेली रोपे बहुधा पक्ष्यांनी पेरलेली असतात.

ओळखण्याची रीत

अंकुराची पहिली दोन पाने पुष्कळ वनस्पतींत सारखीच दिसतात. त्यांवरून निर्णय करू नये. खरी पाने चार-सहा येईपर्यंत थांबावे. तेवढ्या अवधीत तण सहसा फुलत नाही, त्यामुळे थांबल्याने नुकसान होत नाही. त्यानंतर आम्ही मुलांना पुढील क्रमाने पाहायला सांगतो.

प्रथम खोड पाहावे. ते गोल आहे की कोनदार, भरीव की पोकळ, उभे की जमिनीवर पसरलेले? मग पानांची मांडणी पाहावी. पाने समोरासमोर आहेत, एकाआड एक आहेत, की जमिनीलगत चक्रासारखी? पान साधे आहे की अनेक पर्णिकांचे? पर्णिका असल्यास त्यांच्या जोड्या मोजाव्यात. नंतर देठ मोडून चीक येतो का ते पाहावे आणि पान किंचित चुरगळून वास घ्यावा. शेवटी एखादे रोप मुळासकट काढून सोटमूळ, तंतुमुळे की गाठी, हे तपासावे. फूल आल्यावर नोंद पूर्ण होते.

या रीतीत चाखून पाहणे नाही. जे ओळखले नाही ते जिभेला लावायचे नाही, हा नियम आम्ही कोणासाठीही शिथिल करत नाही. चीक पाहिल्यावर किंवा वास घेतल्यावर हात धुवावेत आणि तोवर डोळ्यांना लावू नयेत. मोबाइलमधील ॲपने छायाचित्रावरून नाव सुचवले तरी ती सूचना समजावी, निर्णय नव्हे. विशेषतः कोवळ्या रोपांच्या बाबतीत ते फसू शकते.

ताटात येणाऱ्या

घोळ, म्हणजे 'पोर्तुलाका ओलेरेसिया', ही जमिनीवर पसरणारी मांसल वनस्पती आहे. खोड गुळगुळीत आणि तांबूस, पाने जाड, चमकदार, टोकाशी रुंद. फुले लहान व पिवळी. हिचीच लहान, बारीक पानांची बहीण म्हणजे चिघळ. विदर्भात तिला चिवळ म्हणतात. ओमेगा-३ मेदाम्ले घोळीत चांगल्या प्रमाणात असतात. मात्र घोळीसारखीच जमिनीवर चिकटून पसरणारी, तांबूस खोडाची नायटीही तेथेच उगवते. फरक सोपा आहे. नायटीची पाने पातळ असतात आणि देठ मोडताच पांढरा चीक येतो. घोळीतून पाण्यासारखा रस येतो. पांढरा चीक दिसला की ती घोळ नव्हे, टाकून द्यावी. ही कसोटी घोळीपुरतीच आहे, हे लक्षात ठेवावे. पाथरीलाही पांढरा चीक असतो, तरी ती पिढ्यान्पिढ्या भाकरीबरोबर कच्ची खाल्ली जाते.

तांदुळजा आणि काटेमाठ ही एकाच कुळातील भावंडे आहेत. पानांवरून त्यांच्यात घोटाळा होतो. काटेमाठाच्या पानाच्या बेचक्यात दोन तीक्ष्ण काटे असतात, तांदुळजाला नसतात. काटेमाठाची कोवळी पानेही भाजीला चालतात, परंतु मुलांच्या वाटेवर तो ठेवू नये.

केना ओळखावा तो पानाच्या तळाशी खोडाला वेढणाऱ्या आवरणावरील तांबूस केसांवरून आणि निळ्या फुलांवरून. त्याच्या पानांची भजी होतात. या वनस्पतीची एक नवलाची गोष्ट म्हणजे वरच्या निळ्या फुलांखेरीज तिला जमिनीखालीही न उमलणारी फुले येतात आणि तेथेच बी धरते. वरचा पाला ओढून काढला तरी केना पुन्हा का येतो, याचे हे एक उत्तर आहे. आंबुशीला बदामी आकाराच्या तीन पर्णिका आणि पिवळे फूल असते; ती आंबट असून चटणीत घालतात. घोळ आणि आंबुशी यांत ऑक्झॅलेटचे प्रमाण अधिक असल्याने मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी त्या बेतानेच खाव्यात.

टाकळा, 'सेन्ना टोरा', हा पहिल्या पावसाचा सोबती. पानात बोथट टोकाच्या पर्णिकांच्या तीन जोड्या असतात आणि सायंकाळी त्या मिटतात. फुले पिवळी, शेंगा लांब, बारीक व वाकलेल्या. कोवळी पाने भाजीला घेतात. येथे एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. टाकळ्यासारखाच दिसणारा कासविंदा त्याच बांधावर येतो. त्याच्या पर्णिका टोकदार असतात, जोड्या बहुधा चार-पाच असतात, पान चुरगळल्यास उग्र दर्प येतो आणि शेंग टाकळ्यापेक्षा आखूड व चपटी असते. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात लहान मुले अचानक दगावत होती. कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्याने यकृत, स्नायू आणि मेंदू यांवर घातक परिणाम होतो, हे तेथील डॉक्टरांच्या २००७ च्या सुमाराच्या अभ्यासातून पुढे आले. खेळता खेळता शेंग तोंडात घालणे, एवढेच त्या मुलांच्या हातून घडले होते. पर्णिकांच्या जोड्या मोजण्याचे महत्त्व याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

रानभाजी कोठली घ्यावी, हेही पाहिले पाहिजे. सांडपाण्याच्या कडेची, रहदारीच्या रस्त्यालगतची किंवा तणनाशक फवारलेल्या बांधावरची भाजी, ओळखीची असली तरी, घेऊ नये.

जेथे हात आवरावा

धोतरा वांग्याच्याच कुळातील आहे. कोवळेपणी घोटाळा होतो तो त्यामुळेच. वांग्याचे पान मऊ लवेचे आणि राखट हिरवे असते; त्याच्या लवेवर बोट फिरवले की किंचित खरखर जाणवते. धोतऱ्याचे पान अधिक गुळगुळीत असून चुरगळल्यास दुर्गंध येतो. पुढे कर्ण्यासारखे मोठे फूल आणि काटेरी गोल फळ आले की शंका उरत नाही. धोतऱ्याचा प्रत्येक भाग, विशेषतः बी, विषारी आहे. तोंड कोरडे पडणे, बाहुल्या विस्फारणे, भ्रम होणे ही विषबाधेची लक्षणे होत. अशा वेळी घरगुती उपाय करीत न बसता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि त्या वनस्पतीची फांदीही सोबत न्यावी. डॉक्टरांना तिचा उपयोग होतो. उकिरड्यावर आपसूक येणाऱ्या एरंडाचे बी आणि कुंपणावरील गुंजेचे लाल-काळे मणी हेही तितकेच विषारी आहेत. कामोणीची पिकलेली काळी फळे काही ठिकाणी खातात; परंतु हिरवी फळे अपायकारक असल्याने वसतिगृहात आम्ही ती मुलांना तोडू देत नाही.

गाजरगवत सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यालाच काँग्रेस गवत आणि चटकचांदणी अशीही नावे आहेत. मूळ अमेरिका खंडातील ही वनस्पती भारतात 1955-56 च्या सुमारास पुण्यात ठळकपणे नोंदली गेली. आयात गव्हाबरोबर ती आली असे मानले जाते. पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली, फुले बारीक व पांढरी. एका झाडावर हजारो बिया धरतात. तिच्या संपर्काने त्वचेला खाज सुटते, पुरळ उठते. परागकणांमुळे दम्याचा त्रास वाढतो. म्हणून फुलण्यापूर्वी, माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट काढावे. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांना हे काम देऊ नये. फुललेले गाजरगवत खतखड्ड्यात टाकू नये. मेक्सिकोहून आणलेला एक भुंगा 1984 साली आपल्या देशात या तणाच्या नियंत्रणासाठी सोडण्यात आला. पिवळसर पाठीवर तपकिरी रेघा असलेला तो भुंगा पावसाळ्यात पानांवर दिसल्यास त्याला मारू नये. गाजरगवताला दाटून हटवणारी आणखी एक वनस्पती म्हणजे आपला टाकळा. मोकळ्या जागेत पावसाच्या आरंभी टाकळ्याचे बी फेकले तर तो दाट वाढून गाजरगवताला जागा ठेवत नाही. आमच्या मैदानाच्या मागच्या कडेला आम्ही हे करून पाहिले आहे.

मुळाशी जाणाऱ्या

हरळी आणि लव्हाळा या दोहोंना मुले 'गवत' म्हणतात. परंतु लव्हाळा गवत नव्हे. खोड दोन बोटांत धरून फिरवावे. ते तीन कडांचे जाणवले आणि पाने तीन रांगांत असली तर तो लव्हाळा. त्याच्या मुळांना गाठींची माळ असते. याच सुगंधी गाठी वैद्यकात 'मुस्ता' या नावाने औषधात वापरतात. वरचा पाला कापल्यास प्रत्येक गाठ नव्याने फुटते. हरळीचे तसेच, खुरप्याने तुकडे केले तर जितके तुकडे तितकी रोपे. या दोन्हींसाठी ओल्या मातीत हाताने माग काढत गाठी व धावत्या मुळ्या वेचाव्या लागतात. काम सावकाशीचे आहे, पण ते टाळून उपाय नाही.

वार्षिक तणांसाठी एक साधी युक्ती उपयोगी पडते. वाफा तयार करून आठ-दहा दिवस ओला ठेवावा, उगवतील ती रोपे उगवू द्यावीत, मग वरवर खुरपून पेरणी करावी. पुन्हा खोल खणू नये. दोन ओळींमध्ये वाळलेला पाला किंवा ऊसपाचट अंथरल्यास नवे तण कमी येते आणि ओलही टिकते. बी धरण्यापूर्वी काढलेले निरुपद्रवी तण खतखड्ड्यात जावे. ज्या मातीतून आले त्याच मातीत परत.

भिंतीतला पिंपळ

एका वर्षी पाण्याच्या टाकीच्या भिंतीत पिंपळाचे रोप उगवले. बदामी पान, त्याला शेपटीसारखे लांब टोक, कोवळी पालवी तांबूस. ओळखण्यात चूक होण्यासारखी नव्हती. प्रश्न पुढे होता. पिंपळाची मुळे भेगेत शिरून जाड होतात आणि भिंत फोडतात. गवंडी म्हणाला, "पिंपळाला हात लावणार नाही, त्यावर मुंजा असतो." काही मुले म्हणाली, "बोधिवृक्ष आहे, उपटायचा कसा?" एकाला भय आडवे आले, दुसऱ्यांना भक्ती. भिंत मात्र दोघांसाठी थांबणार नव्हती.

आम्ही मुलांबरोबर बसून कारण आणि परिणाम यांचा विचार केला. पक्ष्याने फळ खाल्ले, बी भेगेत पडले, टाकीच्या पाझराने ते रुजले; यात मुंजा कोठेही नाही. वृक्षाविषयीचा आदरही त्याला चुकीच्या जागी वाढू देण्यात नाही. बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी संघमित्रेने श्रीलंकेत नेली आणि अनुराधपुरात लावली. तो महाबोधी आजही तेथे उभा आहे. म्हणजे योग्य जागी नेऊन लावणे हीच या वृक्षाची परंपरा आहे. केवळ वरून कापल्यास पिंपळ पुन्हा फुटतो. म्हणून पावसाच्या दिवसांत भेग ओली करून, आजूबाजूचे प्लास्टर थोडे सैल करून आम्ही रोप मुळांसह काढले, महिनाभर पिशवीत सावलीत ठेवले आणि नंतर इमारतींपासून दूर, मैदानाच्या कडेला लावले. भेग सिमेंटने बुजवली, पाझरही दुरुस्त केला. ते रोप आज मुलांच्या डोक्यावरून उंच गेले आहे.

नावांची वही

निवासी शाळेचा एक लाभ असा की, येथे अनेक जिल्ह्यांची मुले एकत्र असतात. एकच वनस्पती घेऊन बसले की नावे भराभर येतात. टाकळ्याला कोणी तरोटा म्हणतो, कोणी तरवटा. एकदांडीला कोणी कंबरमोडी म्हणतो, कोणी दगडीपाला. आम्ही एक वही ठेवली आहे. तिच्या एका पानावर एक वनस्पती : वाळवून चिकटवलेली फांदी, सापडल्याचा दिनांक व जागा, घरोघरची नावे, उपयोग आणि सावधगिरी. वहीचे पहिले पान घोळीचे आहे. ते त्या आजीच्या नातवाने लिहिले. सुट्टीत घरी जाऊन त्याने आजीला एकेक गोष्ट विचारून घेतली होती. 'माहिती देणार' या रकान्यात त्याने तिचे पूर्ण नाव लिहिले.

आपल्या समाजातील असंख्य स्त्रियांनी दुसऱ्याच्या शेतात खुरपणी करताना तणाच्या ढिगातून संध्याकाळची भाजी ओटीत घालून घरी आणली. त्या अन्नाची पुढच्या पिढीला लाज वाटली, कारण ते दारिद्र्याची आठवण होते. परंतु त्या निवडीमागे बारीक निरीक्षण होते : कोणते पान केव्हा कोवळे, कशाला चीक, कशाचे उकळलेले पाणी टाकायचे, कशाला हात लावायचा नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केल्यामुळे तिला ग्रंथात स्थान मिळाले. वनस्पतींविषयीचे हे ज्ञान मात्र अजून बरेचसे तोंडीच आहे आणि ते जाणणाऱ्या व्यक्ती वृद्ध होत आहेत. दारिद्र्य टाकून द्यावे. त्या काळात मिळवलेली विद्या टाकू नये.

म्हणून माजी विद्यार्थी आणि पालक यांना आमची विनंती आहे. आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांजवळ एक दिवस बसावे, अंगणातील किंवा गच्चीवरील कुंडीतील न पेरलेले रोप त्यांच्यापुढे ठेवावे, ते सांगतील ते नाव, उपयोग आणि इशारा लिहून घ्यावा आणि शाळेकडे पाठवावा. सांगणाऱ्या व्यक्तीचे नाव लिहिण्यास विसरू नये. येत्या वर्षावासात मुले खुरपे घेऊन वाफ्यात उतरतील, तेव्हा ती वही बांधावर उघडी असेल.